ओटा कोणाचा, छत कोणाचे?

गृहनिर्माण संस्थेतील एखाद्या सदनिकेतून हातोडा-छिन्नीचे आवाज येऊ लागले, की शेजारीपाजारी दोन प्रश्न विचारले जातात. काम किती दिवस चालणार, हा पहिला. आणि परवानगी घेतली आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजपंचे का होईना, मिळते. दुसऱ्याला मात्र पुष्कळदा प्रतिप्रश्नच येतो : 'घर माझे, पैसा माझा, ओटा माझा, मग परवानगी कसली?'

हा प्रतिप्रश्न उद्धटपणाचा मानून सोडून देणे योग्य नव्हे. आयुष्यभराची बचत घालून घेतलेल्या जागेत स्वयंपाकाचा ओटा कोठे असावा, हे दुसऱ्या कोणी का ठरवावे, असे मालकाला वाटले तर त्यात अस्वाभाविक काहीच नाही. परंतु सदनिकेची मालकी आणि गावाकडच्या स्वतंत्र घराची मालकी यांत एक मूलभूत भेद आहे. सदनिकेत राहणाऱ्याच्या पायाखाली असते ती त्याची जमीन नव्हे, तर खालच्या कुटुंबाचे छत. त्याची भिंत ही वरच्या मजल्याचा आधार असू शकते. त्याच्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीतून खाली उतरते. म्हणून स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाला परवानगी असावी की नसावी, हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. कोणत्या कामाला असावी, ती कोणी द्यावी आणि किती दिवसांत द्यावी, हे खरे प्रश्न आहेत; आणि आजची आपली व्यवस्था या तिन्हींची समाधानकारक उत्तरे देत नाही.

बदलाची गरज खरी आहे

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्वयंपाकघर बदलावेसे वाटणे ही नेहमीच चैन नसते. आपल्या शहरांतील जुन्या चाळी आणि इमारती ज्या काळी बांधल्या गेल्या, त्या काळी स्वयंपाक बसून होत असे. चूल किंवा शेगडी जमिनीवर, शेजारी मोरी, भिंतीला फडताळ, एवढ्यावर भागत असे. पुढे उभ्याचा ओटा आला, रॉकेलच्या स्टोव्हची जागा गॅसने घेतली. फ्रिज, मिक्सर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, कपडे धुण्याचे यंत्र, अशी एकेक वस्तू त्याच चार भिंतींत येऊन बसली. जागा तेवढीच राहिली, तिच्यावरील भार मात्र वाढत गेला. ज्या गृहिणीचे दिवसाचे कित्येक तास या खोलीत जातात, तिला पुरेसा उजेड, वारा आणि कंबर न वाकवता काम करता येईल असा ओटा हवा असेल, तर ती मागणी आरोग्याची आहे.

कायद्याने ही गोष्ट कोठेच ओळखली नाही, असेही नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास ते जागा खाली करून घेण्याचे एक कारण मानले आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेला स्वयंपाकघरातील उभ्याचा ओटा, लाकडी पडदी, वाऱ्यासाठी काढलेली खिडकी, धूर बाहेर नेणारे धुराडे ही कामे त्या व्याख्येतून वगळली आहेत. घरमालकाच्या हातातील हत्यार ओट्यापुरते तरी बोथट करण्याचे शहाणपण विधिमंडळाने दाखवले, ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

वजनाचा हिशेब

तथापि गरज खरी असली म्हणून तिचा परिणाम निरुपद्रवी ठरत नाही. भारतीय मानकांनुसार निवासी इमारतीतील खोल्या व स्वयंपाकघर यांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम एवढा वापराचा भार गृहीत धरून आखली जाते. माणसे, सामानसुमान, भांडीकुंडी हे सारे त्यात आले. आता एक नेहमीचे काम घेऊ. गृहिणीला सिंक खिडकीखाली हवे आहे. जुनी मोरी समोरच्या भिंतीशी आहे. मधले अंतर तीन मीटर. सांडपाण्याच्या नळाला चाळीसास एक असा उतार द्यायचा म्हटले, तर तीन मीटरमध्ये साडेसात सेंटिमीटरची उंची लागते. ही उंची आणायची कोठून? गवंडी दोनच मार्ग सुचवतो : स्लॅब खोदायचा किंवा जमीन उचलायची.

जमीन उचलायचे ठरले, तर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा यांनी केलेली साडेसात सेंटिमीटरची भर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भरते. तिच्यावर मसाल्याचा थर आणि नवी लादी यांचे आणखी ६० ते ६५ किलो. राष्ट्रीय इमारत संहितेने ज्या स्वयंपाकघरात जेवणाचीही सोय आहे त्यासाठी किमान साडेसात चौरस मीटर क्षेत्र सांगितले आहे. जुनी फरशी न काढता एवढ्याच क्षेत्रावर हे काम केले, तर त्या स्लॅबवर सुमारे १६०० किलोचा कायमचा भार नव्याने बसतो. म्हणजे वापरासाठी जेवढा भार गृहीत धरला होता, जवळजवळ तेवढाच माणसे आत येण्यापूर्वीच खर्ची पडतो. ग्रॅनाइटचा ओटा, त्याखालच्या विटांच्या उभ्या भिंती, डोक्यावरचा माळा आणि त्यावर रचलेले पिंप-डबे हे आणखी निराळे.

अभियंते आखणी करताना सुरक्षिततेचा वाव ठेवतात, म्हणून असे काम झाल्याबरोबर काही कोसळत नाही. पण हा वाव ठेवलेला असतो तो बांधकामातील उणिवा, वय आणि अनपेक्षित प्रसंग यांच्यासाठी. तो एका सदनिकेने ओट्यासाठी वापरला, दुसरीने मासे ठेवण्याच्या काचपेटीसाठी, तिसरीने गच्चीतील मातीच्या वाफ्यांसाठी, की सामाईक ठेवीतून प्रत्येकाने परस्पर रक्कम काढल्यासारखे होते. खाते कोणी पाहत नाही आणि शिल्लक किती हे कोणालाच ठाऊक नसते.

पाण्याचा माग

दुसरा मार्ग खोदण्याचा. तो पहिल्याहून वाईट. स्लॅबमधील सळयांवर काँक्रीटचे आवरण असते जेमतेम १५ ते २० मिलिमीटर. तुळईजवळच्या भागात तर सळया स्लॅबच्या वरच्या अंगास असतात. तेथे नळासाठी बोटभर खोल चर पाडला, की छिन्नी थेट सळईलाच लागते. पुढे त्या चरातून पाणी मुरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटू लागते. खालच्या घरात प्रथम पापुद्रे, मग ओल, मग छताचा ढलपा, असा हा क्रम आहे. तो पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. तोपर्यंत काम करणारा कंत्राटदार कोठे गेला हे कोणी सांगू शकत नाही, आणि कधी कधी सदनिकाही विकली गेलेली असते.

ओली जागा कोरड्या जागेच्या डोक्यावर नेणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक. इमारतीचा आराखडा करताना मोरीखाली मोरी आणि स्वयंपाकघराखाली स्वयंपाकघर येईल अशी योजना केलेली असते. त्यामागे सांडपाण्याच्या उभ्या नळांची सोय तर असतेच, शिवाय एखादा थेंब झिरपला तरी तो कोणाच्या बिछान्यावर पडू नये हाही विचार असतो. वरच्या कुटुंबाने स्वयंपाकघर हलवून त्याजागी मुलांची खोली केली आणि ओटा झोपण्याच्या खोलीत नेला, तर त्या घराची सोय होते. गैरसोय खालच्या घराची होते. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या आतील न्हाणी, सिंक इत्यादींतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करावयाची असते, तर गच्ची, पावसाचे पाणी, सामाईक नळ यांपासूनची गळती संस्थेकडे. नियम स्पष्ट आहे. पण गळती नेमकी कोठून होते हे ठरवण्यातच वर्षे निघून जातात, कारण आत कोणते नळ कोठून नेले आहेत याची नोंदच कोठे नसते.

कायद्याची रेषा कोठे आखली आहे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातील कलम ४३ नुसार विकासकामासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. परंतु ज्या कामाचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो, किंवा ज्याने बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही, अशी देखभाल व सुधारणा, वारसा वास्तूंचा अपवाद सोडता, त्या कलमाने परवानगीतून वगळली आहे. मुंबईपुरता १८८८ चा महानगरपालिका अधिनियम अधिक तपशिलात जातो. त्याच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्त्यांना मोकळीक आहे : गिलावा, रंग, फरशी बदलणे, न्हाणी-मोरीची दुरुस्ती, नळ व सांडपाण्याची जोडणी बदलणे. मात्र इमारतीच्या आडव्या-उभ्या मापांत बदल, भारवाही भिंत किंवा संरचनेचा घटक काढणे, जमिनीची पातळी खाली नेणे, पोटमाळा घालणे वा वाढवणे या गोष्टी त्या सवलतीत बसत नाहीत.

म्हणजे नियम नाहीत, असे नव्हे. पण १९६६ च्या कायद्याच्या रेषेमागील दृष्टी पाहण्यासारखी आहे. ती रस्त्यावर उभे राहून इमारतीकडे पाहणाऱ्या नगररचनाकाराची आहे. बाहेरून काही बदलले नाही, तर आत काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शहराचे रूप राखण्यासाठी ही दृष्टी पुरेशी असेल. इमारतीत राहणाऱ्या इतरांच्या जिवासाठी ती पुरेशी नाही. वजन, पाणी आणि आधार या तिन्ही गोष्टी रस्त्यावरून दिसत नाहीत. उलट बाहेरून दिसणारी, पण कोणाला धोका न पोहोचवणारी खिडकीची जाळी कधी कधी नोटिशीचा विषय होते. मुंबईच्या अधिनियमाची रेषा तुलनेने शहाणी आहे. परंतु तिच्यातही एकूण वजनाचा विचार स्पष्टपणे दिसत नाही. फरशी 'बदलणे' आणि फरशीवर फरशी 'चढवणे' यांतील भेद कायद्याच्या शब्दांत हरवून जातो.

दुर्घटनांची साक्ष

हा भेद केवळ तात्त्विक असता तर बरे झाले असते. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या इमारतीत वरच्या मजल्यावरील एका सदनिकेत फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे मजले भेदत गेला. सहा जणांचे प्राण गेले. फरशी बसवणे हे आपण सर्वांनी आजवर अत्यंत निर्धोक मानलेले काम. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील एका उंच इमारतीत सहाव्या मजल्यावर नूतनीकरण चालू असताना असाच प्रकार घडला व दोन महिलांचा मृत्यू झाला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ जण ठार झाले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावची बाबू गेनू मंडईलगतची इमारत पडून ६१ माणसे दगावली. ती इमारत खुद्द महापालिकेच्या मालकीची होती आणि तेथेही तळमजल्यावरील फेरबदलांकडे बोट दाखवले गेले.

या प्रत्येक घटनेत कोणाचा दोष किती, हे ठरवणे तपास यंत्रणांचे आणि न्यायालयांचे काम आहे. मूळ बांधकामाचा दर्जा, वय, देखभालीचा अभाव यांचाही त्यात वाटा असतो. परंतु या घटना एकत्र ठेवून पाहिल्या, की एक बोध अटळ आहे. ज्या घरात काम चालले होते, तेवढ्यापुरता परिणाम कोठेच थांबला नाही.

परवाना आणि परवाना-राज्य

अर्थशास्त्राच्या वर्गात 'बाह्य परिणाम' ही संकल्पना शिकवताना गिरणीच्या धुराचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये या विचाराला व्यवस्थित रूप दिले : कृती करणाऱ्याला लाभ होतो, पण तिच्या खर्चाचा काही भाग व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसावर पडतो, तेव्हा बाजाराचा हिशेब चुकतो. स्वयंपाकघराची भिंत हे धुराहून अधिक जवळचे उदाहरण आहे. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये याला एक महत्त्वाची पुरवणी जोडली. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधित लोक आपसांत तोडगा काढतील. सदनिकांत हे का घडत नाही? कारण खालच्या माणसाला वर काय चालले आहे हे कळतच नाही. कळते तेव्हा छत ओले झालेले असते. शिवाय वाटाघाट एकाशी नसते. वजनाचा प्रश्न आला की सगळी इमारतच पक्षकार होते.

परवान्याचे खरे कार्य येथे दिसते. ते माहितीचे कार्य आहे. काय होणार आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांना कळावे, जाणकाराने ते पाहावे आणि त्याची नोंद पुढच्या मालकासाठी राहावी. इमारतीला स्मरणशक्ती असावी लागते, आणि ती या कागदांतूनच येते.

'परवाना' हा शब्द उच्चारताच आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला माहीत आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उभी राहिलेली आणि १९९१ मध्ये मोठ्या प्रमाणात मोडीत निघालेली परवाना-पद्धती हा आपल्या आर्थिक इतिहासाचा कटू अध्याय आहे. पण त्या परवान्याची आणि या परवान्याची जात एक नव्हे. त्या काळचा परवाना पुष्कळदा ज्याला तो मिळाला त्याचे इतरांच्या स्पर्धेपासून रक्षण करी. स्वयंपाकघराचा परवाना, तो नीट राबवला तर, ज्याला तो मिळतो त्याच्यापासून खालच्या घरातल्या मुलांचे रक्षण करतो. पहिला रद्द झाला म्हणून दुसराही रद्द व्हावा, ही मागणी तर्काला धरून नाही.

मात्र 'नीट राबवला तर' या तीन शब्दांत सारे आले. प्रत्यक्षात सदस्याला काय अनुभव येतो? उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी कार्यकारिणीची परवानगी घ्यावी लागते, हे रास्त आहे. पण अर्जाला उत्तर केव्हा मिळेल याचा नेम नसतो. कोठे अनामत रक्कम परत मिळत नाही. कोठे कोणत्या ठरावात बसते हे न सांगता 'निधी' मागितला जातो. कोठे सचिवांशी वाहनतळाच्या जागेवरून झालेला वाद ओट्याच्या अर्जात डोकावतो. अर्जावर मत देणाऱ्या कार्यकारिणीत बांधकामातले कळणारा एकही सदस्य नसतो, तरी मत ठामपणे दिले जाते. पालिकेच्या कार्यालयात जावे, तर १९६६ च्या अधिनियमाने अर्जावर निर्णयासाठी साठ दिवसांची मुदत घालून त्यानंतर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद केली आहे हे खरे. पण एका सिंकसाठी साठ दिवस गवंडी-सुतारांना थांबवून ठेवणे कोणत्या नोकरदाराला परवडेल?

चोरून केलेल्या कामाची किंमत

परवानगी महाग आणि अनिश्चित झाली, की काम थांबत नाही; ते चोरून होते. कचेरीला जोडून सुट्टी आली की भिंत पडते, राडारोडा रात्री पोत्यांतून बाहेर जातो, आणि 'फक्त रंगकाम चालू आहे' असे रखवालदाराला सांगितले जाते. चोरून करायचे म्हटल्यावर संरचना अभियंत्याला बोलावता येत नाही, कारण तो कागद मागेल. मग निर्णय घेतो मुकादम. भिंतीवर हाताची मूठ आपटून 'ही काही भाराची नाही, साहेब' असा निर्वाळा तो देतो. विटांच्या भारवाही बांधणीच्या जुन्या इमारतीत आणि वाड्यात जवळजवळ प्रत्येक जाड भिंत भार वाहते. खांब-तुळयांच्या इमारतीत मधल्या भिंती बहुधा भार वाहत नाहीत. अलीकडे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या मनोऱ्यांत तर भिंती सळयांसह काँक्रीटच्याच असतात आणि त्याच इमारतीला उभे ठेवतात; तेथे दरवाजा रुंद करणेही धोक्याचे. हा भेद मूठ आपटून कळत नाही.

शिक्षा कडक केली की हे थांबेल, असे मानणारा एक वर्ग आहे. अनधिकृत विकासकामाला कायद्यात कारावासाचीही तरतूद आहे. पण शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणापेक्षा ती होण्याच्या संभवावर अवलंबून असतो. हजारो इमारतींतील लाखो स्वयंपाकघरांत डोकावून पाहील एवढा कर्मचारीवर्ग कोणत्याही महापालिकेपाशी नाही आणि असूही नये. स्वयंपाकघरात निरीक्षक फिरू लागले, तर सुरक्षितता किती वाढेल हे सांगता येत नाही. हातावर हात ठेवण्याचे प्रसंग मात्र खात्रीने वाढतील.

रेषा नव्याने आखावी

मग करावे काय? प्रथम, रेषा बाह्य स्वरूपावर न आखता वजन, पाणी आणि आधार या तीन कसोट्यांवर आखावी, आणि कामांचे तीन वर्ग करावेत.

पहिल्या वर्गात रंग, लाकडी कपाटे, जुन्याच जागी नवे सिंक, ओट्यावरची फरशी, भिंतीवरच्या लाद्या, बिघडलेले नळ अशी कामे. यांना कोणाचीही परवानगी नको. कामाच्या वेळा आणि राडारोडा यांबाबत संस्थेला एक ओळीची सूचना पुरे. गॅसची नळी किंवा विजेची तार हलवायची असेल तर ते काम परवानाधारक कारागिरानेच करावे, एवढी अट मात्र हवी. कपाटांच्या हौसेत सिलिंडर चारी बाजूंनी कोंडला जातो, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसऱ्या वर्गात जमीन उचलणे, फरशीवर फरशी घालणे, सांडपाण्याची वाट बदलणे, नवी वीटभिंत किंवा माळा घालणे. येथे संस्थेने नेमलेल्या अभियंत्याचा एक पानाचा दाखला आणि नळांचा साधा नकाशा घ्यावा. जेथे आजही पालिकेची परवानगी लागते, उदाहरणार्थ मुंबईत पोटमाळ्याला, तेथे हाच दाखला पुरावा मानून ती विनाविलंब मिळावी. अर्जाचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी द्यावे. न दिल्यास संमती गृहीत धरावी. नकार दिल्यास अभियंत्याचे कारण जोडलेले असावे. जलरोधक थर घातल्यावर, लादी बसवण्यापूर्वी, दोन-तीन दिवस पाणी साठवून चाचणी घ्यावी आणि ती खालच्या शेजाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी. या एका सहीने पुढचे किती दावे टळतील, याची कल्पना करावी.

तिसऱ्या वर्गात भिंत, खांब, तुळई किंवा स्लॅब यांना हात लावणारी, बाल्कनी आत घेऊन क्षेत्र वाढवणारी आणि ओली जागा कोरड्या जागेवर नेणारी कामे. यांना महापालिकेची परवानगी आणि संरचना अभियंत्याची देखरेख अनिवार्य असावी व तीत सवलत नसावी. पालिकेच्या अभियंत्यांना पहिल्या दोन वर्गांतून मोकळे केले, तरच तिसऱ्याकडे पाहायला त्यांना वेळ मिळेल. २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित विकास नियमावलीने लहान भूखंडांवरील कमी जोखमीच्या बांधकामांसाठी सुलभ कार्यपद्धती आणली. जोखमीनुसार कागद ही कल्पना सरकारने तत्त्वतः स्वीकारलेलीच आहे. ती भूखंडावरून सदनिकेच्या आत नेणे एवढेच उरले आहे.

याला जोडून दोन गोष्टी. आदर्श उपविधींनी १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. त्या तपासणीच्या अहवालालाच प्रत्येक सदनिकेतील फेरबदलांची वही जोडावी, म्हणजे सामाईक ठेवीची शिल्लक किती हे कळत राहील. दुसरी गोष्ट अनामत रकमेची. ती किती, कशासाठी आणि केव्हा परत मिळणार हे सर्वसाधारण सभेने आधीच ठरवावे. अर्जदाराचे तोंड पाहून नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप येईल की, अभियंत्याच्या दाखल्याचा खर्च सामान्य माणसाला का? खर्च आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संस्थेने वर्षाला एक अभियंता ठरवून घेतला तर तो सर्व सदस्यांत वाटला जातो. नव्या ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये कोणता रंग घ्यावा यासाठी आपण चार दुकाने फिरतो; त्याखालचा स्लॅब तो पेलेल का, हे एकदा विचारण्याचा खर्च त्या मानाने अल्पच आहे. दुसरा आक्षेप असा की दाखलेही विकत मिळतील. मिळतील, म्हणूनच दाखल्यावर अभियंत्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, आणि दाखला खोटा ठरल्यास त्याची नोंदणी जावी. ज्याचे नाव कागदावर नाही अशा मुकादमापेक्षा ज्याचे नाव आहे असा अभियंता अधिक जपून बोलतो, एवढे तरी निश्चित.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबांच्या वस्त्यांत, मोडकळीस आलेल्या चाळींत हे सारे कसे राबवणार? तेथे परवान्याचा आग्रह धरण्याआधी इमारतीच्याच दुरुस्तीचा प्रश्न सोडवला पाहिजे, हे उघड आहे. ज्या इमारतीला टेकू लावले आहेत, तिच्यात ओट्याच्या अर्जाचा नमुना छापणे हा क्रूर विनोद ठरेल. येथे मांडलेली सूचना ज्या संस्था नोंदलेल्या आहेत, ज्यांच्यापाशी कार्यकारिणी आणि वही आहे, त्यांच्यासाठी आहे. आणि त्यांनी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. दुसऱ्या वर्गाचे नियम सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, उपविधींच्या चौकटीत, बव्हंशी आजही करता येतील.

घर माझे, हे खरेच आहे. त्या घराखाली आणखी एक घर आहे, हेही तितकेच खरे आहे. या दोन सत्यांना एकत्र नांदवणारा नियम लहान कामात आडवा येऊ नये आणि मोठ्या कामात चुकवता येऊ नये. आज नेमके उलट घडते : सिंक बदलणारा प्रामाणिक सदस्य सचिवांच्या दारात ताटकळतो आणि स्लॅब खोदणारा सुट्टीच्या दिवशी काम उरकून मोकळा होतो. ही उफराटी व्यवस्था पालटण्यासाठी पुढच्या दुर्घटनेची आणि तिच्यानंतर नेमल्या जाणाऱ्या चौकशी समितीची वाट पाहावी काय, याचा विचार येत्या वार्षिक सभेत प्रत्येक संस्थेने करावा.